भिशीचा डबा आणि माझं एक्सेल

मी कॉमर्सवाली. शाळेत मध्य, मध्यक, बहुलक पाठ करून मार्क घेतले आणि विसरून गेले. आता पंधरा वर्षांनी ऑफिसात साहेब म्हणाले की रिपोर्टमध्ये नुसती सरासरी नको, जरा ॲनालिसिस पण दाखवा, म्हणून रात्री जेवणं उरकल्यावर यूट्यूब लावून परत श्रीगणेशा केला. नाणी, फासे, पिशवीतले लाल-निळे चेंडू. खरं सांगू का, चेंडूंपाशी मला झोपच येते. डोक्यात उजेड पडला तो भिशीमुळे.

आमच्या बिल्डिंगमध्ये १२ जणींची भिशी आहे, महिना दोन हजार, म्हणजे दर महिन्याला डब्यातून चिठ्ठी काढून एकीच्या हातात २४ हजार. एप्रिलला सुरू, मार्चला संपते. काही ठिकाणी पहिली रक्कम भिशी चालवणारीची असते, आमच्यात तसलं काही नाही, चालवते मी आणि मला गेल्या वर्षी लागली ती थेट फेब्रुवारीत, हे आधीच सांगून ठेवते.

तर झालं काय, तळमजल्यावरच्या काकूंना सलग दोन वर्षं ऑक्टोबरमध्येच भिशी लागली. ऑक्टोबर म्हणजे दिवाळीच्या तोंडावर, सगळ्यांचा डोळा त्याच महिन्यावर. लगेच जिन्यात कुजबुज. एकीने तर मला गच्चीवर गाठून विचारलं, अगं तुमचं आधी ठरलेलं असतं का? मला इतका राग आला की त्या रात्री व्हिडिओ बाजूला ठेवून वहीच घेऊन बसले.

काकूंनाच आणि ऑक्टोबरच दोन्ही वर्षी, याची संभाव्यता १२ गुणिले १२, १४४ मध्ये एक. हे बघून मीच गार पडले. पण मग वाटलं, आपल्याला काकू आधी कुठे माहीत होत्या? कुणालाही दोनदा ऑक्टोबर लागला असता तरी कुजबुज झालीच असती, आणि ती शक्यता १२ मध्ये एक. आणि कुणालाही कुठलाही का होईना, तोच महिना परत लागला असता तर? प्रत्येकीला गेल्या वर्षीचाच महिना लागण्याची शक्यता १२ मध्ये एक, आणि आपण १२ जणी, म्हणजे दरवर्षी सरासरी एकीचा महिना जुळणारच की! एकीचा तरी जुळण्याची शक्यता निघते ६३ टक्के. म्हणजे न जुळणं हेच जास्त नवलाचं. माणसं आधी घडलेलं बघतात आणि मग त्याच्याभोवती प्रश्न रचतात, तिथे सगळा घोळ होतो.

यातली गंमत म्हणजे हा ६३ चा आकडा जागचा हलत नाही. सहा जणींची भिशी असो नाहीतर शंभर जणींची, ६३ च्या आसपासच. १७०८ मध्ये मोंमोर नावाच्या फ्रेंच माणसाने १३ पत्त्यांच्या एका जुगारावरून हाच प्रश्न मांडला होता. माझा आधी विश्वासच बसेना, म्हणून एक्सेलमध्ये रँड (मनाला येईल तो आकडा देणारं) आणि रँक (त्या आकड्यांचे नंबर लावणारं) ही फंक्शन्स वापरून खोट्या भिशीची हजार वर्षं काढली. ६४१ वर्षांत एकीचा तरी महिना जुळला. एफ नाइन दाबलं की सगळ्या चिठ्ठ्या नव्याने निघतात, दाबलं तर ६२२. परत दाबलं, ६३५. स्टँडर्ड डेव्हिएशनचे तीन व्हिडिओ बघून जे कळलं नव्हतं ते त्या बटणाने पाच मिनिटांत कळलं, की उत्तर एका जागी बसत नाही, थोडं इकडेतिकडे होतं, आणि किती होतं तेही मोजता येतं.

जाता जाता अजून एक. नाणं पाच वेळा छापा पडलं म्हणून सहाव्यांदा काटा पडेलच असं नसतं, ते सगळ्या व्हिडिओत सांगतात. पण भिशीत "आता तरी माझा नंबर" म्हणणारी बाई चुकत नाही हं! लागलेली चिठ्ठी डब्यात परत जात नाही, म्हणून उरलेल्यांची शक्यता दर महिन्याला वाढतच जाते, १२ त एक, ११ त एक, शेवटी मार्चमध्ये पक्कीच. पण एप्रिलला डबा भरताना बघाल तर प्रत्येकीला प्रत्येक महिना १२ त एकच.

पुढच्या भिशीला मी हे सगळं चहा-चिवड्यासोबत समजावलं, कागदबिगद घेऊन. सगळ्या गप्प. मग शेजारच्या वहिनी, ज्या स्वतःच सांगतात की गणितात दोनदा नापास झाले, म्हणाल्या, "ते सगळं खरं गं, पण तू डबा हलवतेस का?"

नाही हलवत. फ्लॅटच्या नंबराप्रमाणे चिठ्ठ्या लिहिते, तशाच घडी घालून स्टीलच्या डब्यात टाकते, झाकण लावते, आणि कुणाचंतरी पोरगं वरचीच उचलतं. वर कोणाच्या असणार, तर तिसऱ्या मजल्याच्या!

नंतर शोधलं तर अमेरिकेत हेच झालंय. १ डिसेंबर १९६९ ला व्हिएतनाम युद्धासाठी कुणाला आधी बोलवायचं याची सोडत निघाली, ३६६ जन्मतारखांच्या ३६६ कॅप्सूल. जानेवारीपासून क्रमाने भरल्या, नीट मिसळल्या नाहीत, आणि वर्षाअखेरीस जन्मलेल्या पोरांचे नंबर जास्त करून आधी लागले. पुढच्या वर्षी पद्धतच बदलली. आमचे तर नुसते २४ हजार.

मग जुनी डायरी काढली. शेवटी टाकलेल्या सहा जणींना दोन वर्षांत सरासरी ५.२५ व्या महिन्यात भिशी लागलीय, पहिल्या सहा जणींना ७.७५ व्या. एक्सेलला हजार वेळा विचारलं की नुसत्या नशिबाने शेवटच्या सहा जणी इतक्या पुढे किती वेळा येतात, तर ५२ वेळा. म्हणजे विसात एकदा. आता याला गडबड म्हणायचं की योगायोग? मी मुद्दाम शोधायलाच बसले होते, त्यामुळे छातीठोक सांगणार नाही, पण काकूंना सोडून मी आता स्वतःकडेच संशयाने बघते.

या महिन्यापासून चिठ्ठ्या पाच लिटरच्या रिकाम्या कुकरमध्ये, झाकण लावून चांगल्या खडखडवायच्या. पहिल्यांदा हलवला तर तळमजल्यावरच्या काकूच ओरडल्या, "अगं बास! वर आलेली माझी चिठ्ठी परत खाली जाईल!"