बेडरूमचं फ्लोअर हीटिंग: पाइप बसला, प्रेशर टेस्ट झाली, बोर्ड लागले

फ्लोअर हीटिंग म्हणजे जमिनीखालच्या पाइपातून गरम पाणी फिरवून खोली तापवणं. जागा: जर्मनीतल्या जुन्या घराचा वरचा मजला, खाली लाकडी तुळया, त्यावर फळ्या. खोली ४ × ३ मीटर. अशा मजल्यावर ६५ मिमी सिमेंटचा थर ओतला तर चौरस मीटरला सुमारे १३० किलो वजन पडतं. म्हणून कोरडी पद्धत घेतली: खाचा असलेले ३० मिमी ईपीएस (थर्माकोल) पॅनेल, खाचांत ॲल्युमिनियमचे पत्रे, पत्र्यांत पाइप, वर २० मिमी जिप्सम-फायबर बोर्ड. हे सगळं पाण्यासकट तीस किलोच्या आसपास राहतं. उंची ५ मिमी व्हिनाइल धरून ५५ मिमी वाढते. दार तेवढं कापावं लागतं आणि पॅसेजकडे उतार द्यावा लागतो. रात्री अंधारात तिथेच पाय अडकतो.

हिशेब असा. बाहेर उणे १२ आणि आत २० अंश धरून उष्णतेची गळती ५४० वॅट. कपाटाखाली पाइप नाही, त्यामुळे तापणारी जमीन १०.२ चौरस मीटर, म्हणजे चौरस मीटरला ५३ वॅट. एवढ्यासाठी जमीन खोलीपेक्षा फक्त ५ अंश गरम लागते. फ्लोअर हीटिंगचं युरोपीय मानक ईएन १२६४ वावरायच्या जागेत २९ अंशांपर्यंत मुभा देतं. इथे कडाक्याच्या थंडीतही २५ पुरतात. पायाला चटका जाणवणार नाही, जमीन गार लागायची थांबेल, आणि झोपायच्या खोलीत हवं ते एवढंच. १२.५ सेंमी अंतराने चौरस मीटरला ८ मीटर पाइप, शिवाय मॅनिफोल्डपर्यंतचे (पाणी वाटणाऱ्या जोडणीपर्यंतचे) ६ मीटर धरून ८८ मीटर. एकच लूप (जाऊन परत येणारा सलग पाइप), जमिनीत एकही जोड नाही. १०० मीटरच्या गुंडाळीत काम भागतं.

पाइप मात्र विचार करून निवडा. साधा पीई-आरटी (प्लास्टिकचा पाइप) स्वस्त आहे, पण तो मीटरला प्रत्येक अंशामागे ०.१८ मिमी वाढतो. चार मीटरच्या सरळ रेषेत पाणी १५ अंशांनी तापलं की पाइप जवळजवळ ११ मिमी लांबतो, पत्र्यावर घासतो आणि टक-टक आवाज येतो. हॉलमध्ये तो कुणाच्या लक्षातही येत नाही, बेडरूममध्ये झोपमोड करतो. मल्टिलेअर पाइपची (प्लास्टिकच्या थरांमध्ये ॲल्युमिनियम असलेल्या) वाढ ०.०२५ मिमी, म्हणजे त्याच चार मीटरला दीड मिमी. इथे १६ × २ चा (बाहेरचा व्यास १६ मिमी, भिंत २ मिमी) मल्टिलेअर वापरला आणि या एका बाबतीत पैसे वाचवू नयेत असं ठाम मत आहे.

पॅनेल टाकण्याआधी जुनी प्रत्येक फळी तुळईला स्क्रूने आवळून घ्यावी. नंतर कुरकुर थांबवायला सगळं उचकटावं लागतं. मग दोन मीटरची पट्टी आणि पाणसळ फिरवून खळगे भरायचे. बोर्डाखाली पोकळी राहिली की तिथे उष्णता वर चढत नाही आणि चालताना बोर्ड दबतो. पत्रे एकमेकांना भिडवायचे नाहीत, टोकांत ५ ते १० मिमी फट ठेवायची. कापलेल्या पत्र्याच्या कडेला केसाएवढी बारीक धार उरते. पाइप टाचेने दाबताना ती सालटं काढते. कानशीने दोन हात मारून कड बोथट करा. चरा दिसला तर त्यावरून नख फिरवा; नख अडकलं तर तो पाइप जमिनीत जाऊ देऊ नका.

वळणं ही दुसरी नाजूक जागा. १६ मिमी मल्टिलेअर हाताने वळवताना त्रिज्या ८० मिमीपेक्षा कमी नको, स्प्रिंग घालून ६४ पर्यंत जाता येतं. १२.५ सेंमी अंतरात साधं अर्धवर्तुळ ६२.५ मिमीचं होतं, म्हणून टोकाच्या पॅनेलमध्ये ओमेगासारखी फुगीर खाच असते. ती सोडून सरळ वळवला की पाइप चपटा होतो, आणि आतलं ॲल्युमिनियम एकदा मुडपलं की सरळ करून उपयोग नाही.

गळती तपासायची प्रेशर टेस्ट ६ बार दाबावर पाण्याने. सुरुवातीला पाइप ताणला जाऊन काटा थोडा उतरतो, तेव्हा परत पंप करायचं. पुढे खोलीचं तापमान बदललं नाही तर काटा हलता कामा नये. झाकण्याआधी मोजपट्टी ठेवून प्रत्येक रांगेचे फोटो घ्या. त्यावर पीई (प्लास्टिकची) फिल्म, मग बोर्ड. बोर्ड गोंद लावून जोडताना स्क्रू १९ मिमीचेच वापरायचे. २५ मिमीचा स्क्रू बोर्ड पार करून थेट पाइपात जातो. भिंतीलगत १० मिमी जाडीची फोमची पट्टी लावली आहे, तिचा वर आलेला भाग फ्लोअरिंग झाल्यावरच कापायची.

बॉयलर रेडिएटरला ५५ अंशांचं पाणी देतो, म्हणून लूपसाठी मिक्सिंग व्हॉल्व्ह (परतीचं गार पाणी मिसळणारा) आणि ४५ वर पंप बंद करणारा सेफ्टी थर्मोस्टॅट लावला आहे. जिप्सम जास्त तापवलं तर कालांतराने ठिसूळ होतं. फ्लोमीटरवर मिनिटाला १.७ लिटर: खाली जाणारी उष्णता धरून ६०० वॅट, पाण्यात ५ अंशांची घट.

पलंग पायांचाच हवा. जमिनीला टेकलेला बॉक्स-बेड किंवा गादी तेवढी जागा बाद करते, आणि तिच्याखालचं व्हिनाइल त्याच्या २७ अंशांच्या मर्यादेपुढे जाऊ शकतं. जाड गालिच्याचंही तेच.

उरलेलं काम: व्हिनाइल, मग २५ अंशांच्या पाण्याने सुरुवात करून रोज ५ अंश वाढवत ३५ पर्यंत नेणं. हीटिंग कर्व्ह (बाहेरच्या तापमानानुसार पाणी किती गरम द्यायचं ते) बाहेर शून्याखाली गेल्यावरच नीट बसवता येईल.