पित्तालाही न जुमानणारे जंतू

शहाद्यात माझी छोटी पॅथॉलॉजी लॅब आहे. ऊन तापायला लागलं की लघवीच्या कल्चरचे, म्हणजे जंतू वाढवून बघायचे, नमुने वाढतात. दिवसभर शेतात राबायचं, पाणी बेताचं प्यायचं, आणि बायकांना तर आडोसा मिळेपर्यंत लघवी दाबून धरायची. दुसऱ्या दिवशी सकाळी मॅकॉन्कीच्या (जंतू वाढवायच्या एका खाद्याच्या) प्लेटवर बहुतेक वेळा तेच गुलाबी ठिपके: ई. कोलाय, आतड्यातला नेहमीचा जंतू. (आमचा इनक्युबेटर ३७ अंशांवर लावलेला असतो. त्याला फक्त तापवता येतं, थंड करता येत नाही, म्हणून मे महिन्यात जंतूंसाठी खोलीत एसी लावावा लागतो. माझ्यासाठी नव्हे!)

परवा रिपोर्ट न्यायला आलेल्या एका आजींनी मला प्लेट उजेडात धरलेली पाहिलं. "काय दखी ऱ्हायनी व माय?" म्हटलं, "तुमना पाव्हना शेतस, आजी."

हे पाहुणे चिवट. मॅकॉन्कीत पित्तातले क्षार मुद्दाम घातलेले असतात. ते स्निग्ध पदार्थ विरघळवतात, म्हणून साध्या पडद्याच्या बऱ्याच जंतूंचा त्यात निकाल लागतो. ई. कोलायला मात्र दोन पडदे असतात. बाहेरच्या पडद्याच्या बाहेरच्या थरात एलपीएस नावाचे स्निग्ध रेणू दाटीवाटीने बसलेले असतात, मॅग्नेशियम आणि कॅल्शियमने एकमेकांना धरून. पित्त आत शिरायचं तर आधी ही दाटी फोडायला हवी, आणि ती सहजी फुटत नाही.

माझं डोकं अडतं ते पुढे. एलपीएस तयार होतं आतल्या पडद्यात आणि लागतं बाहेरच्या. मधे पाणी आहे, त्यातच पेशीभित्तिकेचं जाळं, आणि या फटीत ऊर्जेसाठी एटीपी, म्हणजे पेशीचं इंधन, नाही. स्निग्ध रेणू पाण्यातून जाणार कसा? बरं, एका जंतूवर एलपीएसचे रेणू असतात दहा लाखांच्या घरात, आणि सगळं मनासारखं असलं तर ई. कोलाय २० मिनिटांत दुप्पट होतो. म्हणजे तेवढ्यात तेवढा माल पोचायलाच हवा.

त्याने त्यासाठी चक्क पूल बांधलाय. एलपीटी 'ए' ते 'जी' अशी सात प्रथिनं. आतल्या पडद्यातलं यंत्र पेशीच्या आतल्या बाजूचं एटीपी जाळून एलपीएस उपसतं आणि पुलावर चढवतं. पुलाला पन्हळ असते, तिची आतली बाजू तेलाला मानवणारी, त्यामुळे रेणूची स्निग्ध शेपटी पाण्याला लागतच नाही. पुलावर स्वतःहून कोणी चालत नाही; सारंगखेड्याच्या यात्रेत दत्ताच्या दर्शनाला जशी मागच्याच्या रेट्याने पुढची रांग सरकते, तसा नवा रेणू आत घुसला की आधीचा पुढे जातो. शेवटी एलपीटी-डीचं दार, तिथून थेट बाहेरचा थर.

फॉस्फोलिपिडांची, म्हणजे पडद्यातल्या दुसऱ्या स्निग्ध रेणूंची, गोष्ट जास्त खोडकर. ती बाहेरच्या पडद्याच्या आतल्या थरात बसायला हवीत. चुकून बाहेर सटकलेली परत ओढून आणणारी एमएलए यंत्रणा २००९ मध्ये सापडली. पण मुळात ती तिथवर नेतं कोण, हे त्यानंतरही बराच काळ हाती लागलं नाही. एखादं जनुक काढून बघावं तर जंतू मजेत वाढतोय! २०२१ मध्ये उलगडा होऊ लागला. टॅम-बी, वायएचडीपी आणि वायडीबीएच ही तीन लांबलचक प्रथिनं एकमेकांची कामं सांभाळून घेतात. तिन्ही एकदम काढली तरच जंतू मरतो. एकेक जनुक काढून शोधणाऱ्यांना हे दिसणार तरी कसं? मला या जंतूंचा राग यायला हवा, पण इथे मी दाद देते.

एलपीएसच्या पुलाला असा पर्याय नाही, म्हणून औषधवाल्यांचा डोळा त्याच्यावर. झोसुराबालपिन नावाच्या नव्या प्रतिजैविकाचं काम जानेवारी २०२४ मध्ये प्रसिद्ध झालं. ते एलपीएसला उपसणाऱ्या यंत्रातच अडकवून ठेवतं, आणि कार्बापेनेमसारख्या जबर प्रतिजैविकांनाही दाद न देणाऱ्या, आयसीयूत छळणाऱ्या ॲसिनेटोबॅक्टर या जंतूवर चालतं. ई. कोलायवर नाही, त्याच्या यंत्राची घडण थोडी निराळी. तेव्हा आजींच्या जंतूंवर प्रतिजैविकांच्या डिस्क लावल्या त्या नेहमीच्याच, नायट्रोफ्युरँटॉइन आणि मंडळी. नायट्रोफ्युरँटॉइनभोवती चांगलं मोठं वर्तुळ आलं होतं, म्हणजे तिथे जंतू वाढलेच नव्हते.