लेबलावरचा कारास आणि तळघरातला कारास

आर्मेनियातल्या अरेनी गावाबाहेरच्या गुहेत 2007 पासून खोदकाम झालं. त्यात द्राक्षं तुडवायची जागा, रस मुरवायचा हौद आणि जमिनीत पुरलेले रांजण निघाले, सहा हजार वर्षांपूर्वीचे. तेव्हापासून इथे जो तो वाइनच्या बाटलीवर तीच परंपरा छापतो. आम्ही छापत नाही. सासरचे पूर्वज 1828 च्या तुर्कमांचाय तहानंतर इराणातल्या सलमास भागातून आर्मेनियात आले, घरातल्यांना तेवढंच ठाऊक आहे आणि लेबलावरही तेवढंच आहे.

मी पिंपळगाव बसवंतच्या बागायतदाराची मुलगी. आर्मेनियाच्या राजधानीत, येरेवानला एमबीबीएसला आले आणि इथलीच झाले. माहेरी डॉगरिजच्या खुंटावर थॉमसन द्राक्षाचं कलम, एप्रिलला खरड छाटणी, ऑक्टोबरला गोडी बाराची. इथे अरेनी या काळ्या द्राक्षाची वेल स्वतःच्याच मुळांवर उभी, कारण मुळांवर येणारी फायलोक्सेरा ही कीड या डोंगरांत पसरलेली नाही. छाटणी वर्षातून एकदाच. हे वडिलांना फोनवर सांगितलं तर त्यांना खरंच वाटेना.

आमची खरी मालमत्ता म्हणजे कारास, मातीचे माणूसभर उंचीचे रांजण. जुन्या घरांत आधी कारास बसवत, मग भिंती चढवत. म्हणून बाहेर काढायचा तर भिंत फोडावी लागते. घडवणारे कुंभार आता जवळपास उरले नाहीत. विकत घेताना बोटाने ठोकायचा: खणखणीत वाजला तर घ्यायचा, बद्द वाजला की कुठेतरी चीर आहे. आतून मेण लावायचं ते कारास कोमट असताना आणि पातळच. हे काम सासरे दुसऱ्या कोणाला करू देत नाहीत.

आता 2014. रशियात माल पाठवणाऱ्या एका व्यापाऱ्याने जवळजवळ सगळी वाइन उधारीवर उचलली. भाव रूबलमध्ये ठरला. बँकेचं कर्ज मात्र डॉलरमध्ये, कारण व्याज कमी. तुर्कस्तान आणि अझरबैजानच्या सीमा बंद, म्हणजे रशियाला रस्ता एकच, जॉर्जियातून लार्सच्या घाटाने. तो बर्फाने बंद झाला, ट्रक अडकला, आणि डिसेंबरात रूबल कोसळला. पाठोपाठ आमचा द्रामही. व्यापारी म्हणाला, थंडीने बुचं वर आली, माल खराब, पैसे विसरा. बाटल्या मात्र परत आल्या नाहीत. खराब माल कुणी ठेवून घेतं का?

कर्जापायी माझ्या पाटल्या गेल्या. इथे 583 चं, म्हणजे चौदा कॅरेटचं सोनं चालतं; आपलं बावीस कॅरेट बघून सराफ पुन्हापुन्हा कसोटीला लावत होता.

त्या हिवाळ्यात रोख पैसा आला तो एका तबरीझच्या ट्रकचालकामुळे. इराणच्या सीमेवरच्या मेघरीच्या रस्त्याने जाणारे इराणी चालक कोलाच्या प्लास्टिक बाटलीत वाइन भरून घेतात. इराणात दारूला बंदी; सीमेवर रंग कोला म्हणून खपून जातो. आमचे आघा (त्या चालकाला आम्ही असंच, म्हणजे 'साहेब' म्हणतो) दर फेरीला यायचेच, त्या वर्षी आणखी चालकांना घेऊन आले आणि आगाऊ पैसे ठेवून गेले. पुढे आम्ही काचेच्या बाटल्या दाखवल्या तर सासूबाईंवर चिडले, "खानूम, ही मी सीमेवर काय म्हणून दाखवू?" त्यांच्यासाठी कोलाच्या बाटल्या आजही धुऊन ठेवतो.

म्हणून सांगते, विचारलं नसलं तरी: पैसे ज्या चलनात येणार, कर्ज त्याच चलनात काढा. आणि रोखीचं गिऱ्हाईक कितीही लहान असो, त्याला आधी चहा द्या.

नंतरची वर्षं बरी गेली. 2020 च्या काढणीत अझरबैजानशी युद्ध सुरू झालं, गावातली पोरं आघाडीवर गेली, द्राक्षं बायकांनी उतरवली.

राहता राहिला आमचा शेजारी. आम्ही चिरेमुळे टाकून दिलेला कारास त्याने फाटकात उभा केलाय, पर्यटक त्याला टेकून फोटो काढतात. वाइन होते स्टीलच्या टाकीत, लेबलावर चित्र कारासचं. स्टीलशी माझं वैर नाही, आमची वोस्केहात द्राक्षाची पांढरी वाइन स्टीलमध्येच होते. पण मग टाकी छापा की! ऑक्टोबरच्या जत्रेत रांग त्याच्याच स्टॉलवर लागते. यंदा आम्ही त्याच्या बरोबर समोरची जागा मागितली आहे आणि एक कारास तळघरातून काढायला भिंत फोडायचं ठरलं आहे. सासरे अजून तयार नाहीत.