तिरक्या खिडकीचं बिल

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात टपालपेटीत एक जाड पाकीट आलं. आमची इमारत सांभाळणाऱ्या ऑफिसचं. सात पानं, बारीक अक्षरांतले रकाने, आणि शेवटच्या पानावर ठळक आकडा: ४८६ युरो, तीस दिवसांत भरावेत. युरोला रुपयांनी गुणायची सवय मी पहिल्याच वर्षी मोडली होती, कारण गुणत बसलं तर घास घशाखाली उतरत नाही. त्या दिवशी मात्र गुणाकार आपोआप झाला. जवळपास पन्नास हजार.

बिल होतं २०२४ सालचं आणि हातात पडलं २०२५च्या डिसेंबरात. जर्मनीत भाडं दोन भागांत असतं. एक नुसत्या जागेचं, त्याला इथे ‘थंड भाडं’ म्हणतात. दुसऱ्यात हीटिंग, पाणी, कचरा, जिन्यातला दिवा, इमारतीचा विमा असं सगळं येतं. हा दुसरा भाग दर महिन्याला अंदाजाने भरायचा, आणि वर्ष संपलं की पुढच्या बारा महिन्यांत मालकाने खरा हिशोब द्यायचा. म्हणजे २०२४च्या जानेवारीत केलेली चूक मला कळली ती जवळजवळ दोन वर्षांनी. तोवर २०२५चा हिवाळाही मी तसाच काढला होता.

मला जास्त लागलं ते वेगळ्याच कारणाने. बचत आपल्याला कुणी शिकवायला नको, असं मी मानत होते. दुधाच्या पिशव्या धुऊन, वाळवून रद्दीत घालणाऱ्या घरात मी वाढले. आजीच्या जुन्या नऊवारींच्या गोधड्या अजून आमच्याकडे आहेत. बोहारीण आली की चार जुन्या शर्टांवर पातेलं मिळवण्यासाठी आजी अर्धा तास घासाघीस करायची आणि झाकणही पदरात पाडून घ्यायची. इथे एकदाच वापरायच्या रिकाम्या बाटल्या आणि कॅन दुकानातल्या मशीनमध्ये टाकले की एकामागे २५ सेंट परत मिळतात. २००३पासून ही अनामत आहे आणि नवे आलेले लोक तिचं फार कौतुक करतात. मला त्याचं कधी नवल वाटलं नाही. रद्दीवाला आणि भंगारवाला आपल्याकडे दारात येतात.

आणि मी उधळी नाही. २०२२च्या सप्टेंबरमध्ये शिकायला आले तेव्हा बंद खात्यातून, म्हणजे व्हिसासाठी आधीच पैसे भरून ठेवलेल्या खात्यातून, दर महिन्याला ८६१ युरो सुटायचे, त्यात सगळं भागवायचं असायचं. भागवलं. नोकरी लागल्यावरही रोजचा डबा घरूनच नेते. तीन वर्षांत दुपारचं जेवण विकत घेतल्याचे दिवस बोटांवर मोजता येतील. त्यामुळे ते पाकीट मला जवळजवळ अपमानासारखं वाटलं.

आता खालच्या मजल्यावरच्या बाईंबद्दल. पंच्याहत्तरी ओलांडलेल्या, एकट्या राहतात. आपल्याकडे असत्या तर मी त्यांना पहिल्याच दिवशी आजी म्हटलं असतं. इथे ते चालत नाही, मी त्यांना ‘फ्राउ’ आणि आडनाव लावूनच हाक मारते. २०२५च्या जानेवारीत त्यांनी मला जिन्यात थांबवून सांगितलं होतं की तुमची खिडकी दिवसरात्र तिरकी उघडी असते, ते बरं नाही. मला राग आला होता. माझी खिडकी, माझं भाडं, यांना काय करायचंय? घरी फोन करून मी तसं बोललेही होते, की इथले लोक दुसऱ्याच्या खिडक्या मोजत बसतात.

ही तिरकी खिडकी काय असते ते सांगते. इथल्या खिडक्यांची मूठ वर फिरवली की झडप वरच्या बाजूने आत कलते आणि वीतभर फट राहते. मी ती फट मुद्दाम ठेवायची. कारण फोडणी. एका खोलीत राहायचं, तिथेच झोपायचं, तिथेच स्वयंपाक. हिंग-मोहरीचा वास जिन्यात गेला तर कुणी तक्रार करेल ही धास्ती मला पहिल्या दिवसापासून आहे. तेव्हा खिडकी सतत कललेली आणि थंडी वाजू नये म्हणून खाली, गरम पाण्याने खोली तापवणाऱ्या रेडिएटरचा नॉब ५वर.

बिल घेऊन मी शेवटी त्याच बाईंकडे गेले. दुसरं कुणी सुचलं नाही. त्यांनी चष्मा लावला, माझी सात पानं टेबलावर ओळीने मांडली आणि कपाटातून स्वतःच्या फायली काढल्या. १९९१पासूनची सगळी बिलं, वर्षवार. मग तासभर एकेका रकान्यावर पेन्सिल ठेवून त्या समजावत होत्या आणि मी लिहून घेत होते.

हीटिंगचा खर्च इथे निम्मा ते सत्तर टक्के प्रत्यक्ष वापरावर आणि उरलेला घराच्या क्षेत्रफळावर वाटतात. आमच्या इमारतीत सत्तर-तीस आहे. म्हणजे तीस टक्के माझ्या हातात नाहीत, सत्तर आहेत. मग त्यांनी मला उठवून आपल्या रेडिएटरपाशी नेलं. नॉबवर १ ते ५ आकडे असतात. पंख्याच्या रेग्युलेटरसारखं ५ म्हणजे जोरात, असं मी तीन वर्षं समजत होते. तो आकडा वेगाचा नसतो, तापमानाचा असतो. ३ म्हणजे साधारण २० अंश, आणि पुढेमागे दर आकड्याला साधारण चार अंशांचा फरक. ५वर ठेवल्याने खोली लवकर तापत नाही. ती २८ अंशांकडे जात राहते, एवढंच. आणि खोली एका अंशाने कमी तापवली तर साधारण सहा टक्के ऊर्जा वाचते.

खरी मेख खिडकीत होती. नॉब आजूबाजूच्या हवेवरून ठरवतो की रेडिएटरमध्ये गरम पाणी किती सोडायचं. कललेल्या खिडकीतून आलेली थंड हवा जड असते, ती सरळ खाली उतरून नॉबवर येते. नॉबला वाटतं अख्खी खोली गारठली आहे, तो पाणी पूर्ण सोडतो. गरम हवा वर जाते आणि फटीतून बाहेर. दोन हिवाळे मी स्टुटगार्टचा रस्ता तापवत होते. वर खिडकीभोवतालची भिंत गार पडते, खोलीतली वाफ तिच्यावर धरते आणि बुरशी येते. माझ्या खिडकीच्या कोपऱ्यात काळे ठिपके होतेच. मी ते पुसत होते आणि इमारत जुनी आहे म्हणून मनात बोल लावत होते.

यावर इथल्या लोकांचा उपाय म्हणजे ‘श्टोसल्युफ्टन’. दिवसातून तीन-चार वेळा नॉब बंद करायचा, खिडक्या सताड उघडायच्या, समोरासमोर असतील तर दोन्ही, आणि पाच-दहा मिनिटांत पुन्हा बंद. हवा सगळी बदलते, पण भिंती आणि फर्निचर तेवढ्यात गार होत नाहीत, त्यामुळे खोली पुन्हा पटकन ऊबदार होते. बाहेरची थंड हवा कोरडी असते, ती आत येऊन तापली की ओल शोषून घेते. आणि फोडणीचा वास? तो दिवसभराच्या फटीतून जात नव्हता, दहा मिनिटांच्या सताड खिडकीतून जातो. हे कळलं तेव्हा मला खरंच रडू आलं. ज्या भीतीपोटी मी ही फट ठेवली, ती भीती फटीने कधी कमी केलीच नव्हती.

हे मला आधी का कळलं नाही, याचाही मी विचार केला. विद्यार्थी वसतिगृहात भाडं एकरकमी होतं, हीटिंग त्यातच. २०२२चा हिवाळा युद्धामुळे गॅसच्या टंचाईचा होता. सरकारी इमारती १९ अंशांपेक्षा जास्त तापवायच्या नाहीत असा नियम झाला होता, ग्रंथालयात मुलं जाकीट घालून बसायची. आणि मी खोलीवर येऊन नॉब ५वर करायचे, कारण त्याचे पैसे मला वेगळे दिसत नव्हते. जे मोजून मिळत नाही ते आपण मोजत नाही. गिझर चालू राहिला तर बाबा तिसऱ्या खोलीतून ओरडायचे, कारण विजेचं बिल दर महिन्याला त्यांच्या हातात यायचं. इथेही आता दुरून वाचता येणारे मीटर असतील तर दर महिन्याचा वापर भाडेकरूला कळवावा लागतो, २०२२पासून तसा कायदाच आहे. मलाही ते ईमेल येत होते. उघडून पाहिलं तेव्हा एकवीस न वाचलेले निघाले.

बाईंच्या सगळ्याच गोष्टी मला पटल्या असं नाही. तासाभरात एक कप कॉफी आली आणि बशीत दोन बिस्किटं. एक त्यांना, एक मला. त्यांनी माझ्यासाठी दिलेला तास त्या बिस्किटांपेक्षा मोठा होता हे मला कळतं. तरी घरी आलेल्याला मोजून वाढायचं, ही काटकसर मी शिकणार नाही. पुढच्या आठवड्यात त्यांना डबाभर बेसनाचे लाडू दिले. त्यांनी डबा घासून, पुसून, दुसऱ्याच दिवशी परत केला. रिकामा. आपल्याकडे डबा रिकामा परत देत नाहीत, हे त्यांना सांगावंसं वाटलं, पण सांगितलं नाही.

स्टुटगार्टभोवतीचा हा श्वाबेन प्रदेश काटकसरीसाठी जर्मनीभर प्रसिद्ध आहे. डिसेंबर २००८मध्ये, जागतिक मंदीच्या दिवसांत, तेव्हाच्या चान्सलर आंगेला मेर्केल यांनी स्टुटगार्टमध्येच झालेल्या आपल्या पक्षाच्या अधिवेशनात म्हटलं होतं की एखाद्या श्वाबियन गृहिणीला विचारलं असतं तरी कळलं असतं, ऐपतीबाहेर फार काळ जगता येत नाही. पण त्या गृहिणीची सगळी बचत पाकिटात नसते, काही अंगमेहनतीतही असते, हे मला ‘केरवोखे’मुळे समजलं. हा शब्द पहिल्यांदा ऐकला तेव्हा मला आपला केरच आठवला आणि अर्थही जवळचाच निघाला: झाडायचा आठवडा. पाळीपाळीने दाराला पाटी लागते. ज्याच्या दाराला पाटी त्याने त्या आठवड्यात जिना झाडायचा, पुसायचा. १४९२ सालच्या स्टुटगार्टच्या नगरनियमांत प्रत्येकाने आपली घाण दर आठवड्याला बाहेर न्यावी असं होतं, तिथपर्यंत लोक या रिवाजाचं मूळ नेतात. सुरुवातीला मला हा जाच वाटायचा. इंजिनिअर होऊन परदेशात जिना पुसतेय, हे आईला सांगायलाही मी कचरत होते. आता बिलाचे रकाने वाचता येतात. सफाईला माणूस लावला तर त्याचा पगार भाडेकरूंच्याच बिलात येतो. आमच्या बिलात तो रकाना नाही.

यंदाचा जानेवारी संपला. मीटरवर ५२० युनिट पडले, गेल्या जानेवारीत ते ११४० होते. दिवसा नॉब ३वर, रात्री २वर. २०२५चं बिल अजून यायचं आहे आणि त्यातही डिसेंबरपर्यंत तीच कललेली खिडकी आहे. म्हणून दर महिन्याच्या एक तारखेला ६० युरो आपोआप वेगळ्या खात्यात जातात. बिल कमी आलं तर ते पैसे तिथेच राहतील.

मावशीला हे सगळं चिक्कूपणाचं वाटतं. एवढा पगार, तरी घरात स्वेटर घालून बसतेस? डिसेंबरमध्ये मामेभावाच्या लग्नाला आले नाही, तेही ती याच्याशीच जोडते. तिकीट महाग होतं हे खरं आहे. पण वर्षअखेर सुट्ट्याही उरल्या नव्हत्या, आणि त्याच आठवड्यात हे ४८६ युरो भरायचे होते. कुणाकडे न मागता मी ते भरले. वसतिगृहातली माझी एक मैत्रीण अशाच बिलासाठी क्रेडिट कार्डावर अडकली आणि अजून त्याचं व्याज भरते आहे. लग्न चुकल्याचं मला वाईट वाटतं, फोटो पाहताना जास्तच वाटतं. पण तेव्हा तिकीट काढलं असतं तर ते उधारीवर काढलं असतं.

परवा त्याच मावशीचा फोन आला. मावसबहिणीला इथल्या विद्यापीठात प्रवेश मिळाला आहे, एप्रिलच्या सत्राला. काय काय पाठवू, कुकर किती लिटरचा, पापड-कुरडया किती, असं ती विचारत होती. कुकर तीन लिटरचा पुरे. पण आजीच्या गोधड्यांपैकी ती निळ्या काठाची पातळ एक आहे, ती बॅगेत तळाला घालायला सांगितली. रात्री नॉब २वर ठेवून झोपायचं तर इथल्या दुकानातल्या रजईपेक्षा तिची ऊब जास्त आहे. दुसरी मला हवी आहे, तीही तिच्याबरोबर पाठव म्हटलं.