चिंचलीचा भंडारा, बेळगावची रात्र आणि चार फोटो

बेळगावातल्या हौशी फोटोग्राफरचं वर्ष तिथीनं चालतं. माघी पौर्णिमेला चिंचली, धुळवडीला पांगुळ गल्ली, वैशाखात शिवजयंतीचे चित्ररथ, आषाढात वडगावच्या मंगाईची यात्रा, भाद्रपदात गणपती आणि २३ ऑक्टोबरला कित्तूरचा उत्सव. नोकरी सांभाळून हे करायचं तर वर्षाच्या सुरुवातीलाच रजांची आखणी करावी लागते. यंदा त्यात एक प्रदर्शनही आलं आणि त्याच सुमाराला आंतरराष्ट्रीय सलोनसाठी, म्हणजे छायाचित्रांच्या स्पर्धेसाठी, फोटो निवडायची वेळ झाली. एकाच ढिगातून दोन निवडी करताना बरंच काही उमगलं. पण आधी चिंचली.

चिंचलीला मायाक्का देवीच्या जत्रेला मी मिरजेकडे जाणाऱ्या रेल्वेनं जातो. सांबरा, सुळेभावी, पाच्छापूर, गोकाक रोड, घटप्रभा असं करत गाडी रायबागच्या पुढं आली की डब्यातली निम्मी माणसं उतरायच्या तयारीला लागतात. स्टेशनवर उतरल्या उतरल्या ढोल ऐकू येतो. सांगली, कोल्हापूरकडून आलेल्या बैलगाड्या माळावर सुटलेल्या असतात. बैलांच्या शिंगांना रंग, गाडीला कनाती, आडोशाला तीन दगडांची चूल. ‘मायाक्काच्या नावानं चांगभलं’ म्हणत भंडाऱ्याची मूठ उधळली जाते आणि एका क्षणात माणसं, बैल, छत्र्या सगळं पिवळं होतं.

हा पिवळा रंग कॅमेऱ्याला फार त्रास देतो. व्हाइट बॅलन्स, म्हणजे रंगांचा समतोल, ऑटोवर ठेवला तर कॅमेरा त्या पिवळ्यावर निळ्याची मात्रा चढवतो आणि भंडारा मातकट दिसतो, म्हणून मी तो सूर्यप्रकाशावर पक्का करून टाकतो. हिस्टोग्राममध्ये, म्हणजे कॅमेऱ्यातल्या उजेडाच्या आलेखात, लाल रंगाचा चॅनेल सगळ्यात आधी उजव्या भिंतीला, म्हणजे उजेडाच्या टोकाला, टेकतो. तो टेकू द्यायचा नाही, नाहीतर कपाळावरच्या भंडाऱ्याचा नुसता सपाट ठिपका उरतो, त्याची खरबरीत पूड दिसत नाही. आणि जत्रेत लेन्स बदलायचीच नाही. एक लेन्स लावायची, कॅमेऱ्याला प्लास्टिक गुंडाळायचं आणि जे समोर येईल ते पायानं पुढं-मागं होऊन टिपायचं.

दुपारी गर्दीत काही फोटोग्राफर ढोल वाजवणाऱ्या धनगर मामांना सांगत होते, ‘परत एकदा उधळा, जरा वर उधळा.’ मामा बिचारे उधळत होते. मला ते बघवलं नाही. सलोनच्या ट्रॅव्हल विभागाचा नियम स्पष्ट आहे: जे जसं घडलं तसं दाखवायचं, फोटोसाठी मांडणी करून घ्यायची नाही, माणसांना सूचना द्यायच्या नाहीत. पण नियम नसता तरी देवीच्या नावानं उधळलेली मूठ आणि आपल्या सांगण्यावरून उधळलेली मूठ एक कशी होईल? ज्या माणसानं दोन दिवस बैलांमागं चालत येऊन ती मूठ भरलेली असते, त्याला ‘रिटेक’ सांगायचा अधिकार आपल्याला कुणी दिला?

मी गाड्यांच्या बाजूला गेलो. एक मावशी चुलीपुढं बसून नैवेद्याच्या पोळ्या लाटत होत्या. कपाळभर भंडारा, धुरानं बारीक झालेले डोळे, शेजारी बैल बसलेला. विचारलं तर म्हणाल्या, “काढ की बाबा, पण पोळी करपू देऊ नकोस.” आणि पुढं माझ्याकडं बघितलंच नाही. पलीकडच्या गाडीतून कानडीत हाक आली, “नम्मदू तगीरी अण्णा!” त्यांचाही काढला. चिंचलीत माळावर मराठी कुठं संपते आणि कानडी कुठं सुरू होते हे कळत नाही. तिथं कुणाला त्याची पडलेलीही नसते.

शिवजयंतीची रात्र याच्या अगदी उलट, सगळा अंधार आणि दिवे. बेळगावात परंपरेनं वैशाख शुद्ध द्वितीयेला शिवजयंती असते आणि पुढं चित्ररथांची मिरवणूक निघते. नरगुंदकर भावे चौकात पालखीचं पूजन झालं की गल्ल्यागल्ल्यांचे रथ सरकू लागतात आणि उजाडेपर्यंत रामदेव गल्ली, समादेवी गल्ली, खडे बाजार, गणपत गल्ली जागी असते. हे सजीव देखावे असतात. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर अफझलखानाचा वध, पावनखिंड, आग्ऱ्याहून सुटका. त्यासाठी गल्लीतली पोरं महिनाभर रात्री तालीम करतात. बायका माडीवर, जिन्यावर, दुकानाच्या फळीवर जागा धरून बसलेल्या असतात, मांडीवर झोपलेलं पोर घेऊन.

इथं एक गोष्ट नव्या फोटोग्राफरनं ध्यानात ठेवावी. विजेचे दिवे सेकंदाला शंभर वेळा लुकलुकतात, कारण आपल्याकडं वीज ५० हर्ट्झची. शटर फार वेगात ठेवलं तर फोटोवर आडवे काळे पट्टे येतात. मी शटर सेकंदाच्या १/१०० ला ठेवतो, जास्त उजेडासाठी ३५ मिमीची लेन्स एफ १.८ ला उघडतो आणि आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची उजेड टिपायची संवेदनशीलता, ३२०० पर्यंत चढू देतो. फोटोत दाणे येतात, येऊ देत. फ्लॅश मात्र मारत नाही. रथावर चार-चार तास एकाच पवित्र्यात उभं राहिलेल्या मुलाच्या डोळ्यांवर फ्लॅश मारणं मला पटत नाही.

मला त्या रात्री सगळ्यात आवडतात ते देखावा थांबल्यावरचे क्षण. पुढचा रथ अडकला की मागची मिरवणूक थांबते. मग बाजीप्रभू ढाल खाली ठेवतो, कुणीतरी त्याला पाण्याची बाटली देतं, आई खालून विचारते, “जेवलायस काय रे?” छातीवर रंगवलेल्या जखमा तशाच. हा फोटो मला समादेवी गल्लीच्या कोपऱ्यावर मिळाला.

आता सलोनचं. फियाप, म्हणजे छायाचित्रकलेचा आंतरराष्ट्रीय महासंघ, त्याच्या मान्यतेच्या सलोनात एका विभागाला चारच फोटो पाठवता येतात. पडद्यावर फोटो येतो, परीक्षक काही सेकंदांत गुण देतात, बेरीज ठरलेल्या आकड्याच्या वर गेली तर फोटो स्वीकारला जातो. अशा स्वीकृती साठल्या की एएफियापसारखी उपाधी मिळू शकते. ही शिस्त मला मनापासून आवडते. तिनं मला चौकट स्वच्छ ठेवायला शिकवलं. पण काही सेकंदांत उठून दिसणारा फोटो म्हणजे मोठा आकार, एक रंग, थोडी माणसं. चिंचलीचा भंडाऱ्याचा ढग, त्यात बुडालेल्या काळ्या आकृत्या, असा माझा एक फोटो सलोनला नेहमी चालतो.

प्रदर्शन ज्येष्ठात, टिळकवाडीत वरेरकर नाट्य संघाच्या के. बी. कुलकर्णी कलादालनात झालं. रवी परांजपे, जॉन फर्नांडिस अशा कलावंतांना घडवणाऱ्या केबींच्या नावाच्या भिंतीवर आम्हा हौशी मंडळींचे फोटो लागणार, याचा आनंद सांगता येत नाही. प्रिंट १२ बाय १८ इंचांचे, मॅट कागदावर. भंडाऱ्याचा पिवळा कागदावर उतरेना. स्क्रीनवर जळजळीत दिसणारा रंग शाईत बसत नाही, म्हणून छपाईवाल्या काकांसोबत बसून नमुन्याच्या पट्ट्या काढत तो जुळवला.

सगळ्यात मोठा आणि दारासमोर लावला होता तो ढगाचा फोटो. लोक यायचे, “वा” म्हणायचे, पुढं जायचे. वडगावहून आलेले एक विणकर काका मात्र थांबले आणि म्हणाले, “रंग झकास आलाय. पण ह्यात कोण हाय? तोंडं दिसंनात.” मग ते मावशींच्या फोटोपुढं गेले आणि बराच वेळ हलले नाहीत. गाडीची बनावट कुठली, बैल खिलार आहे, चूल वाऱ्याच्या कुठल्या अंगाला मांडली आहे, सगळं ते बायकोला दाखवत होते. बाजीप्रभूच्या फोटोपुढं तर गल्लीतली पोरं मोबाइल घेऊन त्या मुलालाच बोलवायला लागली. तो आला, आईला घेऊन. आईनं फोटोतल्या स्वतःच्या हाताला बोट लावून म्हटलं, “बाटली माझीच.”

मला तेव्हा वाटलं, आणि आजही वाटतं, की फोटोतली माणसं ओळखणाऱ्यांनी दिलेला वेळ हाच माझ्यासाठी मोठा गुण. परीक्षकांचं मत मी घेत राहीन, पण निवड यांच्या बाजूनं झुकवून करीन.

त्याप्रमाणे ट्रॅव्हल विभागाची यादी बदलली आहे. ढग काढून टाकला. मावशींची चूल आणि बाजीप्रभूची बाटली हे दोन पक्के. तिसरा गेल्या पावसाळ्यातला गोकाकच्या धबधब्याचा. घटप्रभेचं तांबडं पाणी १७० फूट खाली कोसळताना, पण चौकटीत मुख्य आहे तो कठड्यापाशी भिजत कणसं भाजणारा मुलगा. हलशीच्या भूवराह नरसिंह मंदिराचे फोटो सुंदर आलेत, मात्र त्यात माणूस नाही, म्हणून ते थांबले. चौथी जागा मंगाईच्या यात्रेसाठी राखून ठेवली आहे. रजा मंजूर झाली आहे, आणि मावशींचा प्रिंट पुढच्या माघात चिंचलीला न्यायचा म्हणून गुंडाळून कपाटात ठेवला आहे. त्यांचं गाव मी विचारलं नव्हतं, त्यामुळं माळावरच्या गाड्यांमध्ये शोधावं लागेल.