चावीचा ‘च’ सुटला, काडतूस अडकलं

मंडळी, ‘क्लाविस’ म्हणजे लॅटिनमधली चावी. तिच्यापासून वेगवेगळ्या भाषांत आलेल्या शब्दांचा तक्ता एकदाचा हलला. लॅटिन द्वितीया ‘क्लावेम’पासून इटालियन क्यावे, स्पॅनिश यावे, फ्रेंच क्ले, कातालान क्लाउ, रुमानियन केये. रुमानियनमधला गायब ‘व’ फार छळेल असं वाटलं होतं. पण शेजारी ‘ओवेम’पासून आलेला ओआये, म्हणजे मेंढी, मांडला आणि काम झालं. तिथेही ‘व’ असाच गळालाय.

खरं घोडं अडलं होतं ते पोर्तुगीजच्या रकान्यात. आपली चावी तिथूनच आली, पण लिस्बनमध्ये आज उच्चार ऐकू येतो तो जवळपास ‘शाव’. मग आपल्याकडे ‘च’ आला कुठून? तोही ‘चार’मधला, ‘चाक’मधला नव्हे.

उत्तर तिथल्या जुन्या उच्चारात आहे. लॅटिनचे शब्दारंभीचे क्ल, प्ल, फ्ल पोर्तुगीजमध्ये आधी ‘च’ झाले: क्लामारे (हाक मारणे), प्लुविया (पाऊस), फ्लामा (ज्योत) या तिघांच्याही पोर्तुगीज रूपांची सुरुवात आज एकाच सी-एच या जोडाक्षराने होते. 1510 मध्ये पोर्तुगीजांनी गोवा घेतला तेव्हा या सी-एचचा उच्चार ‘च’ होता. ‘श’साठी एक्स हे वेगळं अक्षर होतं. लिस्बनकडे दोन्ही उच्चार नंतर एक झाले. उत्तर पोर्तुगालच्या काही बोलींत ‘च’ अजून टिकून आहे.

आणि पुरावा आपल्या नकाशावरच! चौल, चिखली ही नावं पोर्तुगीजांनी सी-एचने लिहिली, गोव्यातलं शेल्डे मात्र एक्सने. हे दिसलं तेव्हा मी खुर्चीतून उठलोच. लिस्बनने सोडलेला उच्चार आपण रोज चावी हरवली की तोंडात आणतो.

शब्दांचे ऑनलाइन वंशवृक्ष झटपट तयार होतात, पण शब्द कोणत्या काळात उचलला गेला हे त्यांत दिसत नाही. अशा वेळी मोन्सिन्योर (ही ख्रिस्ती धर्मगुरूंची पदवी) दालगादो यांचा 1913 चा आशियाई भाषांतल्या पोर्तुगीज शब्दांवरचा ग्रंथच उघडावा. गोव्याच्या या माणसाने एकेक शब्द कोकणी, मराठी, तमिळ असा भाषावार लावून ठेवलाय.

पुढची नोंद लॅटिन ‘पाकारे’पासून पगारापर्यंत, असं ठरलं होतं. पण हे लिहिता लिहिताच काडतूस आठवलं. ते पोर्तुगीज ‘कार्तुशु’वरून आलं असेल, तर तिथेही सी-एचच आहे, मग ‘स’ कसा? उच्चार बदलल्यावर उशिरा आलं, की फ्रेंच ‘कार्तूश’च्या वाटेने? पगार थांबेल. कुणाकडे काडतुसाचे जुने मराठी उल्लेख असतील, बखरीतले वा पत्रव्यवहारातले, तर सालासकट कळवा.