रिबन शिकावी ती कामाच्या बाजूने

३० जानेवारी २००७ रोजी मायक्रोसॉफ्ट ऑफिसची २००७ ही आवृत्ती सर्वसामान्य ग्राहकांसाठी बाजारात आली आणि वर्ड, एक्सेल व पॉवरपॉइंट यांच्या माथ्यावर वर्षानुवर्षे असलेली फाईल, एडिट, व्ह्यू, इन्सर्ट, फॉरमॅट, टूल्स ही मेन्यूंची ओळ नाहीशी झाली. तिच्या जागी टॅबांमध्ये विभागलेली बटणांची रुंद पट्टी आली. हीच रिबन. आपल्याकडच्या कार्यालयांत हा बदल एका दिवसात झाला नाही. नवे संगणक येतील तसतसा तो टेबलामागून टेबल सरकत गेला, आणि ज्यांनी एमएस-सीआयटी करताना मेन्यूंचे ऑफिस शिकून घेतले होते, त्यांच्यावर तेच वर्ड आणि तेच एक्सेल पुन्हा शिकण्याची वेळ आली. मी एका महाविद्यालयाच्या कार्यालयात काम करते. तेथे सहकाऱ्यांना हे नवे रूप समजावून देण्याचे काम माझ्याकडे आले, आणि ते करताना माझे एक मत पक्के होत गेले. जुन्या मेन्यूतली कोणती गोष्ट नव्यात कुठे गेली याची यादी पाठ करून रिबन हाताला बसत नाही. आपण या क्षणी कशावर काम करीत आहोत, हा प्रश्न विचारत ती शिकली, तर ती फार लवकर समजते.

बदल का केला गेला, हे आधी सांगितले की शिकणाऱ्याच्या मनातला विरोध बराच निवळतो, असा माझा अनुभव आहे. विंडोजसाठीच्या पहिल्या वर्डमध्ये सुमारे १०० कमांड आणि २ टूलबार होते. वर्ड २००३ पर्यंत कमांडची संख्या १,५०० च्या वर आणि टूलबारची ३१ वर गेली होती. एवढा पसारा मेन्यूंत मावेना, म्हणून ऑफिस २००० मध्ये कमी वापरल्या जाणाऱ्या कमांड आपोआप झाकणारे आखूड मेन्यू आणले गेले. त्यांचा परिणाम उलटाच झाला. काल दिसलेली कमांड आज त्या जागी दिसत नसे, आणि मेन्यू पूर्ण उलगडून शोधण्याचे काम मात्र वाढले. ग्राहक ज्या सोयींची मागणी करीत होते, त्यांतल्या कित्येक आधीपासूनच आत होत्या. त्या सापडत नव्हत्या, एवढेच. नव्या रचनेच्या कामात पुढे असलेले जेन्सन हॅरिस यांनी त्या काळात या साऱ्या विचारप्रक्रियेबद्दल सविस्तर लिहिले होते. प्रत्येक सोयीला एक कायमची, न हलणारी जागा असावी हा त्यातला आग्रह मला आजही पटतो.

ऑफिस २००३ वापरणाऱ्यांपैकी ज्यांनी संमती दिली होती, त्यांच्या वापराची निनावी माहितीही कंपनीकडे जमा होत होती. तिच्यातून असे दिसले की वर्डमध्ये दिल्या जाणाऱ्या सर्व कमांडपैकी सुमारे ३२ टक्के वाटा पेस्ट, सेव्ह, कॉपी, अनडू आणि बोल्ड या पाचांचाच होता आणि त्यातही एकट्या पेस्टचा ११ टक्क्यांहून अधिक. होम टॅबवर डाव्या टोकाला पेस्टचे बटण इतरांपेक्षा मोठे का आहे, याचे उत्तर या आकड्यात आहे. हे कळले की शिकणारा त्या पट्टीकडे निराळ्या नजरेने पाहू लागतो, कारण बटणांच्या आकारामागे आणि जागेमागे काही हिशेब आहे हे त्याच्या लक्षात येते.

आता जागांविषयी. हेडर-फूटर पूर्वी व्ह्यू मेन्यूत होते, ते इन्सर्टमध्ये गेले. एक्सेलचे पिव्होट टेबल डेटा मेन्यूतून इन्सर्टमध्ये आले, फ्रीझ पेन्स विंडो मेन्यूतून व्ह्यूमध्ये आले, आणि तळटीप इन्सर्टमधून निघून रेफरन्सेस या नव्या टॅबवर स्थिरावली. नुसते वाचले तर ही निव्वळ उलथापालथ वाटते, पण तिला एक सूत्र आहे. पानावर किंवा शीटवर एखादी नवी वस्तू ठेवायची असेल, मग ते चित्र असो, आलेख असो की पानाचा क्रमांक, तर इन्सर्टकडे जायचे; कागदाचा आकार, समास आणि छपाईची मांडणी पाहायची असेल तर पेज लेआउटकडे; लिहून झालेल्या मजकुराची तपासणी, त्यावरचे शेरे आणि दुरुस्त्या यांसाठी रिव्ह्यूकडे. एक्सेलमध्ये नवी ओळ घालण्याची सोय इन्सर्ट टॅबवर नाही, ती होमवरील सेल्स या गटात आहे, कारण ओळ घालणे म्हणजे शीटच्या सेल्सची, म्हणजे घरांची, रचना बदलणे आहे, शीटवर वस्तू ठेवणे नव्हे. हा फरक एकदा समजला की यादीची गरज उरत नाही. कंपनीने त्या वेळी जुन्या मेन्यूचे चित्र दाखवून त्यातल्या कमांडवर टिचकी मारताच तिची नवी जागा दाखवणारी मार्गदर्शिका दिली होती. अडल्या वेळी ती उपयोगी पडे, पण तिच्यावर विसंबून राहणारा प्रत्येक वेळी आधी जुने आठवत असे आणि मग नवे शोधत असे.

सर्वांत मोठा बदल मात्र जागांचा नव्हताच, आणि तोच समजावून सांगायला मला सर्वाधिक वेळ लागत आला आहे. जुन्या वर्डमध्ये टेबल नावाचा मेन्यू कायम समोर असे, मग दस्तऐवजात तक्ता असो वा नसो. नव्या वर्डमध्ये तक्त्याची साधने तक्त्यात कर्सर ठेवल्यावरच प्रकट होतात आणि कर्सर बाहेर आला की निघून जातात. सेवाज्येष्ठता यादीसारखा अनेक पानांचा तक्ता करताना पहिली शीर्षकाची ओळ प्रत्येक पानावर यावी लागते. त्यासाठीचे रिपीट हेडर रोज हे बटण तक्त्यासोबत येणाऱ्या लेआउट टॅबवर, उजव्या टोकाच्या डेटा गटात आहे. कर्सर तक्त्याबाहेरच्या परिच्छेदात असेल, तर सगळे टॅब पालथे घातले तरी ते मिळणार नाही, आणि शोधणाऱ्याला वाटते की ही सोय काढूनच टाकली. चित्र, आलेख, हेडर यांचेही तसेच. म्हणून मी प्रत्येक नव्या सहकाऱ्याला पहिल्याच बैठकीत तक्ता काढायला लावते, कर्सर आत-बाहेर न्यायला सांगते आणि वरच्या पट्टीकडे पाहायला सांगते. आधी वस्तू निवडायची आणि मग साधन शोधायचे, ही सवय लागली की रिबनचा निम्मा धडा झाला.

येथेच एक दोषही सांगायला हवा. वर्डच्या २०१६ च्या आवृत्तीत पेज लेआउट या टॅबचे नाव नुसते लेआउट झाले, आणि तक्त्याबरोबर येणाऱ्या टॅबचेही नाव लेआउटच होते. एकाच पट्टीवर एकाच नावाचे दोन टॅब ठेवणे ही शिकणाऱ्यावर लादलेली अनावश्यक अडचण होती. फोनवरून कुणाला मार्ग सांगताना तिचा त्रास विशेष जाणवतो.

फोनवरून मार्ग सांगण्याचा विषय निघालाच आहे तर आणखी एक गोष्ट. रिबनवरील गट खिडकीच्या रुंदीनुसार आकसतात. रुंद पडद्यावर जी बटणे नावासह मोठी दिसतात, तीच अरुंद पडद्यावर नुसत्या लहान चित्रांपुरती उरतात, आणि जागा फारच कमी असेल तर पूर्ण गट एकाच बटणात मिटतो. त्यामुळे "डावीकडून तिसरे बटण दाबा" अशी सूचना निरुपयोगी ठरते. आधी टॅबचे नाव, मग गटाचे, मग बटणाचे, या क्रमाने सांगावे. वहीत टिपून घेणाऱ्यांनीही तसेच टिपावे, म्हणजे संगणक बदलला तरी टिपण कामास येते.

ज्यांचे हात कीबोर्डवर घडले आहेत, अशा अनुभवी लोकांची या बदलात मला सर्वाधिक काळजी वाटत असे. पगारपत्रक किंवा हजेरीचा गोषवारा भराभर करणाऱ्या माणसाच्या बोटांत वर्षानुवर्षांचे कसब साठलेले असते, आणि पडद्याचे रूप बदलताना ते वाया जाऊ देणे अन्यायाचे आहे. सुदैवाने रचनाकारांनी हे जाणले होते. कंट्रोल कळीसोबतचे नेहमीचे शॉर्टकट तसेच राहिले. त्याहून मोलाची गोष्ट म्हणजे एडिट, इन्सर्ट, फॉरमॅट, टूल्स, डेटा या नाहीशा झालेल्या मेन्यूंची ऑल्टची अक्षरेही चालू ठेवली गेली. एक्सेलमध्ये आकडेमोडीची सूत्रे टाळून फक्त उत्तरे चिकटवण्यासाठी ऑल्ट, ई, एस, व्ही असा क्रम पूर्वी वापरला जाई. मेन्यू दिसत नसला तरी तो क्रम आजही चालतो. ऑल्ट, आय, आर दाबले की नवी ओळ येते, आणि ऑल्ट, डी, पी दाबले की पिव्होट टेबलचा जुना विझार्ड उघडतो, ज्याला रिबनवर सुरुवातीपासून जागाच दिलेली नाही. आमच्याकडील एका ज्येष्ठ लेखापालांना हे दाखवले तेव्हा त्यांचा नव्या आवृत्तीबद्दलचा सारा संकोच तिथल्या तिथे मावळला, आणि उरलेले ते आपणहून शिकले.

नव्याने शिकणाऱ्यासाठी ऑल्टची कळ वेगळ्या कारणाने मोलाची आहे. ती दाबून सोडली की प्रत्येक टॅबवर एकेक अक्षर उमटते. वर्डमध्ये होमवर एच, इन्सर्टवर एन, रिव्ह्यूवर आर, व्ह्यूवर डब्ल्यू. ते अक्षर दाबले की त्या टॅबवरील प्रत्येक बटणावर त्याचे अक्षर दिसते. येथे काहीही पाठ करावे लागत नाही, कारण वाट पडद्यावर लिहिलेली असते. ती पुनःपुन्हा चालून आपोआप अंगवळणी पडते. माऊस वापरणे ज्यांना शारीरिकदृष्ट्या कठीण जाते, त्यांनाही हा मार्ग आवर्जून दाखवावा.

गटाच्या खालच्या उजव्या कोपऱ्यात एक लहानसा तिरका बाण असतो, त्याच्याकडे बहुतेकांचे लक्ष जात नाही. तो दाबला की फॉन्ट, पॅराग्राफ किंवा पेज सेटअप यांची जुनी, पूर्ण चौकट उघडते. मराठीत काम करणाऱ्यांना ही चौकट लागतेच. वर्डमध्ये देवनागरीची गणना कॉम्प्लेक्स स्क्रिप्टमध्ये होते, आणि फॉन्टच्या चौकटीत तिच्यासाठी फॉन्ट व आकार यांचा स्वतंत्र विभाग असतो. रिबनवर तो वेगळा दिसत नाही. एकाच परिपत्रकात इंग्रजी आणि मराठी मजकुराचे आकार जुळेनासे झाले, तर तेथे जाऊन पाहावे. एक्सेलमध्येही प्रत्येक पानावर शीर्षकाची ओळ छापायची असेल, तर पेज लेआउटवरील प्रिंट टायटल्समधूनच जावे लागते. छपाईच्या पूर्वदृश्यातून तीच चौकट उघडली तर तो रकाना फिकट आणि बंद दिसतो, आणि लोक उगाच संगणकाला दोष देतात.

२००७ च्या आवृत्तीत दोन गोष्टी चुकल्या होत्या असे मला वाटते. फाईल मेन्यूच्या जागी डाव्या कोपऱ्यात एक गोल बटण बसवले होते, ज्यावर केवळ बोधचिन्ह होते. सेव्ह आणि प्रिंट त्याच्या आत होते, पण ते दाबायचे असते हे पाहताक्षणी अनेकांच्या लक्षात येत नसे. दुसरे म्हणजे रिबनवर स्वतःच्या सोयीचा टॅब तयार करण्याची साधी सोय नव्हती. फार तर वरच्या छोट्या क्विक अ‍ॅक्सेस टूलबारवर बटणे आणून ठेवता येत. २०१० च्या आवृत्तीत या दोन्ही गोष्टी सुधारल्या. फाईल हे नाव परत आले आणि रिबन आपल्या गरजेप्रमाणे मांडता येऊ लागली. जुने मेन्यू परत आणण्याचा पर्याय मात्र कंपनीने तेव्हाही दिला नाही आणि पुढेही नाही. त्या वेळी हे मला कठोर वाटले होते. आज वाटते की तसा पर्याय असता तर अनेक कार्यालये दोन वेगवेगळ्या रूपांत कायमची विभागली गेली असती, आणि एकाने दुसऱ्याला शिकवणे अशक्य झाले असते.

क्विक अ‍ॅक्सेस टूलबार मात्र दुर्लक्षित राहू देऊ नये. कोणत्याही बटणावर उजवी टिचकी मारून ते तेथे नेता येते, आणि तेथे गेलेल्या बटणांना ऑल्टसोबत १, २, ३ असे क्रमांक मिळतात. बोनाफाईड प्रमाणपत्रे देणाऱ्याची गरज वेगळी, परीक्षा विभागाची वेगळी. प्रत्येकाने आपल्या कामाची मोजकी बटणे तेथे लावून घेतली की टॅब बदलण्याची वेळ फारच कमी येते.

२०१८ पासून या पट्टीचे एका ओळीत मावणारे सुटसुटीत रूप येऊ लागले आहे, आणि ब्राउझरमधील वर्ड व एक्सेलमध्ये ते सर्रास दिसते. त्यात नेहमीची बटणे तेवढी समोर राहतात, बाकीची टोकाच्या तीन ठिपक्यांमागे जातात. मला त्यात ऑफिस २००० च्या आखूड मेन्यूंची आठवण येते, म्हणून जेथे निवड करता येते तेथे मी पूर्ण रिबनच ठेवायला सांगते. पडद्यावर जागा हवी असेल तर कंट्रोल आणि एफ१ दाबून ती मिटवता येते आणि त्याच कळांनी परत उघडता येते. नव्या आवृत्त्यांत ऑल्ट आणि क्यू दाबले की वरच्या शोधपेटीत कर्सर जातो, आणि तेथे कमांडचे नाव लिहिले की ती थेट समोर येते. पेटीत सापडलेली कमांड तेथूनच वापरून पुढे जाण्यापेक्षा ती कोणत्या टॅबवर आहे हे एकदा पाहून ठेवावे, असे मी सहकाऱ्यांना सांगते. आमच्या कार्यालयात यंदाची प्रवेशप्रक्रिया संपल्यावर आणखी काही टेबलांवर नवी आवृत्ती येणार आहे. ती मार्चअखेरच्या धावपळीत न आणता मोकळ्या आठवड्यांत आणावी, अशी विनंती मी लेखी दिली आहे.